नवस ऐकलेलं हेड

पारांगानात वस्तूंना सहजासहजी मरण येत नाही. चप्पल झिजली की ती कोंबड्यांच्या खुराड्याचं बिजागर होते, बिजागर फाटलं की त्याचे वायसर कापले जातात, आणि वायसरही गेला तर पोरं तो गलोलीला लावतात. मानोंग तेम्योच्या दात घासायच्या ब्रशाची तर दंतकथाच झाली आहे. (आमच्याकडे थोरल्या पुरुषाला मानोंग म्हणतात, थोरल्या बाईला मानांग.) तेम्योचे दात संपले, ब्रश उरला. मग तो बुटांवर फिरला, बुटांनंतर शिलाई मशिनीत गेला, आणि आता म्हणे चॅपेलमधल्या सान रोके संताच्या मूर्तीपाशी असलेल्या कुत्र्याचे कान त्याच ब्रशाने साफ होतात. उरलेला देश आम्हा उत्तर लुझोनच्या इलोकानो लोकांना चिक्कू म्हणतो. म्हणेना का! त्यांच्या घरात भंगार साठतं, आमच्या घरात वस्तू साठतात.

अशा गावात सेल्मोच्या जीपच्या इंजिनाचं हेड तडकलं, यात बातमी ती काय? पण सेल्मोच्या तोंडचं पाणी पळालं ते पळालंच, आणि त्याला तसंच कारण होतं.

झालं असं की, बाजाराच्या दिवशी तो चढण चढत होता. जीपमध्ये लसणाच्या जुड्या, पाच-सात बायका, एक डुक्कर आणि छपरावर दोन कोंबडेवाले. अर्ध्या चढणीवर इंजिनाने असा उसासा टाकला की रस्त्याकडेची म्हैस मागे वळून बघायला लागली. बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. बायका उतरल्या, कोंबडेवाले उतरले, डुक्कर काही उतरलं नाही. सेल्मोने ऑइलची पट्टी ओढून बघितली. पट्टीवर काळं ऑइल नव्हतंच, दुधाची कॉफी होती. ऑइलमध्ये पाणी शिरलं होतं.

"साखर घातलीय का रे, मानोंग?" लसूणवाली म्हणाली.

सगळ्या हसल्या. सेल्मो हसला नाही. त्याने टोपी काढली, छातीवर क्रूस केला आणि बॉनेटवर हात ठेवून हळूच म्हणाला, "एवढ्यात नको रे बाबा. सण आठवड्यावर आलाय."

आता ही भानगड नीट सांगायला हवी.

बऱ्याच वर्षांपूर्वी सेल्मोची बायको बिडिंग तापाने फणफणली होती. इतकी, की तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली तर ती वाळून पापडासारखी कडकड वाजायची. डॉक्टरांनी मान हलवली. सेल्मो जीप घेऊन थेट चॅपेलपाशी गेला, इंजिन चालूच ठेवून आत पळाला आणि सान रोकेपुढे गुडघे टेकले. सान रोके म्हणजे रोगराईचा वाली, पायाशी तोंडात पाव धरलेला कुत्रा. सेल्मो म्हणाला, "हिला वाचव. बाहेर जे इंजिन वाजतंय ना, ते जिवंत असेतो दर सणाला तुला तेच मिरवेल." बाहेर इंजिन धडधडत होतं. सेल्मोच्या मते त्याने सगळं ऐकलं.

बिडिंग वाचली. दुसऱ्याच दिवशी उठून बसली आणि अंगणात झाडलोट झाली नाही म्हणून नवऱ्याला फाडून खाल्लं.

नवसाचा शब्द सेल्मोने कुणापाशी काढला नाही. सांगितलेला नवस म्हणजे पंक्चर ट्यूब, असं त्याची आजी म्हणायची. बिडिंगलाही त्याने कधी पत्ता लागू दिला नाही. दरसाल सणाला जीप धुवायची, फुलांनी मढवायची, मागे सान रोकेचा रथ जोडायचा आणि गावभर हळूहळू ओढायचा. लोक म्हणायचे, सेल्मोला मानाची भारी हौस.

पण जीप ती जीप. वर्षं गेली तशी एकेक वस्तू साथ सोडायला लागली. आधी टायर, मग गिअरबॉक्स, मग सगळी बॉडी. एका वर्षी पिस्टन, पुढे क्रँक, आणि मागच्या पुराच्या वर्षी तर खुद्द ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धडच. प्रत्येक वेळी सेल्मोने स्वतःची समजूत घातली, की चालायचंच, मूळ इंजिनातलं काहीतरी अजून शिल्लक आहे ना! आता शिल्लक काय राहिलं होतं? ब्लॉकवर बसतं ते बिडाचं जड झाकण, तेवढंच. हेड. नवस ऐकलेला शेवटचा लोखंडाचा तुकडा. तो भंगारात गेला की ते इंजिन मेलं. इंजिन मेलं की नवस संपला. आणि नवस संपल्यावर सान रोकेने दिलेलं परत मागितलं, तर?

म्हणून सेल्मोच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

*

हेड खोलून ते पास्क्वालच्या लेथवर आणलं. पास्क्वाल हा सेल्मोच्या लेकीचा धर्मपिता, म्हणजे सेल्मोचा कुम्पारे, आणि सेल्मोची बायको त्याची कुमारे. सख्खा भाऊ तोंडावर 'नाही' म्हणेल, पण कुम्पारे कधी म्हणणार नाही. आमच्याकडे ते बसतच नाही. आणि पास्क्वाल तर असा भिडस्त, की एकदा चोर त्याच्या लेथवरून मोटर उचलून न्यायला लागला तेव्हा यानेच दुसरं टोक धरलं होतं म्हणतात.

पास्क्वालने हेड घासूनपुसून रॉकेलमध्ये भिजवलं, कोरडं केलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. तडा असला की त्यात मुरलेलं रॉकेल खडूतून वर येतं आणि काळी रेघ उमटते. दोघं वाकून बघत राहिले. एक रेघ उमटली. मग तिला फाटे फुटले. मग फाट्यांना फाटे. थोड्या वेळात सगळ्या लुझोन बेटाच्या नद्या त्या हेडवर उतरल्या.

"हं," पास्क्वाल म्हणाला.

"हं म्हणजे काय, कुम्पारे?"

"म्हणजे... दिसतंय."

"वेल्डिंग मारशील ना? मागे मारलं होतंस तसं?"

मागे पास्क्वालने हे हेड कोळशावर तापवून, वेल्डिंग करून, राखेत पुरून हळूहळू थंड केलं होतं. त्याच्याही मागे तसंच केलं होतं. खरं सांगायचं तर त्या हेडमध्ये आता बीड कमी आणि पास्क्वालची भीड जास्त होती. अजून एकदा तापवलं तर ते केकसारखं कापलं जाणार, हे त्याला कळत होतं. पण कुम्पारेच्या डोळ्यात डोळे घालून 'फेकून दे' म्हणायचं कसं?

"बघू या की," पास्क्वाल म्हणाला. "वय काय झालं असेल रे याचं?"

"का?"

"सहज. चांगलं आयुष्य लाभलं, नाही? कुणाकडे काही मागितलं नाही बिचाऱ्याने. शेवटपर्यंत कष्ट केले."

"अजून करील," सेल्मो म्हणाला.

"करील की. पण थकतं ना माणूस. आता परवा गावातल्या दुकानात जपानहून एक वापरलेलं हेड आलंय. अगदी आपल्याच मापाचं. नुसतं पडून आहे. दुकानदार मला म्हणाला, बघून तरी जा. आपण काय, आपलं सहज..."

"ते ज्यांना लागेल त्यांनी न्यावं," सेल्मो म्हणाला. "सणाच्या आदल्या दिवशी न्यायला येतो. तोवर कर."

पास्क्वाल 'बरं' म्हणाला. 'बरं' म्हणणं हा त्याचा जन्मजात आजार.

तेवढ्यात ओन्योंग आला. ओन्योंग म्हणजे बारांगायचा, आमच्या वस्तीचा, कारभारी, नवीन पांढऱ्या व्हॅनचा मालक, त्या व्हॅनला एसी. सान रोकेचा रथ आपल्या व्हॅनमागे लागावा म्हणून तो वर्षानुवर्षं टपून बसलेला.

"अरेरे, सेल्मो! ऐकलं मी. काळजी करू नकोस हं. देवाचं काम अडत नाही. माझी गाडी आहेच."

"तुझ्या गाडीत देवाला सर्दी होईल," सेल्मो म्हणाला.

"देव बाहेर असेल, आत मी असेन."

"मग तुला होऊ दे."

ओन्योंग हसत हसत गेला. जाताना त्याने हेडवरच्या खडूत बोट फिरवून बघितलं आणि 'च्च्च' केलं. ते 'च्च्च' सेल्मोला शिवीहून जास्त लागलं.

*

दुसऱ्या दिवशी सेल्मो गेला तर हेडवर पांढरंशुभ्र फडकं अंथरलेलं.

"हे कशाला, कुम्पारे?"

"धूळ बसते," पास्क्वाल जमिनीकडे बघत म्हणाला.

"चांगलं केलंस. काळजी घेतोस."

पास्क्वालने कपाळाला हात लावला. त्याच्या पुढच्या दिवशी त्याने फडक्यावर एक पांढरं चाफ्याचं फूल ठेवलं. सेल्मोने फूल उचलून हुंगलं, कानामागे खोचलं आणि म्हणाला, "लेथवाल्याकडे कधी फूल बघितलं नव्हतं बाबा. बायकोने ठेवलं असेल." मग हेडवर थोपटून, पास्क्वालच्या गड्याकडून कॉफी मागवून, पिऊन निघून गेला.

त्या रात्री पास्क्वालला झोप लागली नाही. आढ्याकडे बघत पडला होता तेव्हा त्याला एक उपाय सुचला. आमच्या इलोकोस मुलुखात माणूस मेला की त्याच्यापुढे ताट मांडतात. आत्म्यासाठी, वाटेतल्या शिदोरीसारखं. त्याला आम्ही आतांग म्हणतो. उकडलेलं अंडं, तांदळाच्या चिकट वड्या, पानतंबाखू आणि बासीचा, म्हणजे उसाच्या दारूचा, पेला. ज्याच्यापुढे आतांग मांडलं तो गेला, यावर दुमत नसतं. शेंबडं पोरही ओळखतं. तोंडाने बोलायलाच नको.

सकाळी त्याने बायकोकडून ताट करून घेतलं, हेडपुढे स्टुलावर मांडलं, एक मेणबत्ती लावली आणि स्वतः मागच्या खोलीत दाराआड उभा राहिला. सेल्मो येईल, बघेल, डोळे पुसेल आणि मुकाट्याने जाईल, असा त्याचा हिशेब.

सेल्मो आला. काळजीने आदल्या रात्री त्याला जेवण गेलं नव्हतं. ताट बघून तो थबकला. मेणबत्ती बघितली. आणि त्याने डोळे पुसले.

"कुम्पारे!" तो आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाला. "न जेवता आलोय हे तुला कळलं कसं रे? मेणबत्तीपण लावलीस! माझा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे, पण असू दे."

आणि तो स्टूल ओढून बसला. अंडं सोललं, मीठ नाही म्हणून जरा कुरकुरला, दोन वड्या एकदम तोंडात कोंबल्या, वर बासीचा पेला एका घोटात रिचवला. तंबाखू खिशात टाकली. मग मेणबत्ती फुंकून विझवली, कारण पारांगानात अर्धी मेणबत्तीही वाया घालवत नाहीत.

दाराआड पास्क्वालने घाईघाईने छातीवर क्रूस केला. आतांग खाणं म्हणजे मेलेल्याच्या तोंडचा घास काढणं. असं करणाऱ्याचं तोंड वाकडं होतं, जिभेला गाठ पडते. एकाचं तोंड तर कानापर्यंत गेलं होतं आणि त्याला पुढे आयुष्यभर स्वतःशीच कुजबुजायची सोय झाली, असं आमचे जुने लोक शपथेवर सांगतात.

"कुम्पारे," पास्क्वाल धावत बाहेर आला. "तोंड उघड बघू."

"का? दातात अडकलंय?"

"सरळ आहे ना? शीळ वाजव."

सेल्मोने शीळ वाजवली. पास्क्वालला ती किंचित डावीकडून आल्यासारखी वाटली. त्याने सायकल काढली आणि पायडल तुटेस्तोवर मारत सेल्मोचं घर गाठलं.

बिडिंग अंगणात वांगी चिरत होती. सगळं ऐकून तिने सुरी खाली ठेवली.

"थांबा, कुम्पारे. तुम्ही आतांग मांडलंत? त्या हेडपुढे?"

"हो, कुमारे. पण आता त्याच्या तोंडाचं..."

"त्याचं तोंड लग्नापासून वाकडंच आहे. मला एवढं सांगा, आतांग मांडलंत म्हणजे ते हेड मेलंय."

पास्क्वाल सायकलची घंटी पुसायला लागला.

"मेलंय ना?"

"मी कुठे तसं म्हटलं?"

"मग त्याला सरळ सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की, कुमारे!" पास्क्वाल कळवळून म्हणाला. "वयावरून सांगितलं. फडक्याने सांगितलं. फुलाने सांगितलं. आज अंड्याने सांगितलं! ते त्याने खाल्लं."

बिडिंग उठली. पदराला हात पुसावे तसे तिने झग्याला हात पुसले. गेले चार दिवस नवरा जेवत नव्हता, झोपेत 'पाणी मिसळलं, पाणी मिसळलं' म्हणून ओरडत होता, आणि हे सगळं एका फुटक्या लोखंडापायी! लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या दाढदुखीला तो कधी इतका तळमळला नव्हता. निदान तिला तरी तसं वाटत होतं.

"हातगाडी आहे का तुमच्याकडे?" तिने विचारलं.

*

दुपारी सेल्मो ओन्योंगच्या घरी गेला होता. जीप सणापर्यंत नक्की तयार होईल, रथ दुसऱ्याकडे द्यायचा नाही, हे ठणकावून सांगायला. परत येतो तर पास्क्वालच्या लेथवर हेड नाही. नुसतं फडकं.

"राखेत पुरलंस का? सुरुवात केलीस?" सेल्मोने आनंदाने विचारलं.

पास्क्वालने हनुवटीने रस्त्याकडे दाखवलं. रस्त्याच्या टोकाला लुकास भंगारवाल्याचं आवार.

सेल्मो पळाला. म्हातारा माणूस असा पळाला की वाटेत दोन कुत्री त्याच्या मागे लागली आणि दमून परत फिरली. लुकासच्या आवारात पोचला तेव्हा हेड मोठ्या काट्याच्या फळीवर चढलं होतं, बिडिंग कमरेवर हात ठेवून उभी होती आणि लुकास वजनं हुडकत होता.

सेल्मोने मागचापुढचा विचार केला नाही. त्याने काट्यावर झेप घेतली आणि हेडवर ऐसपैस बसला.

लुकासने दांडीकडे बघितलं, सेल्मोकडे बघितलं. "मानोंग, दोघांचं एकत्र करू का? पण माणसाला बिडाचा भाव नाही मिळायचा."

"उतर खाली," बिडिंग म्हणाली.

"नाही उतरत."

"लोक बघतायत."

खरंच बघत होते. आमच्याकडे कुणी काट्यावर बसलं की गाव जमायला वेळ लागत नाही. लसूणवाली आली, तेम्यो आला, धापा टाकत पास्क्वाल आला, आणि ओन्योंग व्हॅनची काच खाली करून एसीतूनच बघायला लागला.

"तुझी एवढी माया आहे ना त्याच्यावर," बिडिंगचा आवाज चढला, "मग त्याच्याशीच लग्न करायचं होतंस! त्याला थोपटतोस, त्याला फडकी घालतात, त्याच्यापुढे मेणबत्त्या! मी गेले तर एवढं तरी करशील का?"

"अगं, हे गेलं तर तू जाशील!" सेल्मो ओरडला.

लुकासच्या हातातलं वजन हातातच राहिलं.

"काय म्हणालास?"

सेल्मोने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण ट्यूबला भोक पडलं ते पडलंच. आता सगळी हवा बाहेर येणार. काट्यावर बसल्या बसल्या त्याने सगळं सांगितलं. ताप, चॅपेल, बाहेर धडधडणारं इंजिन, नवस. टायर गेले, बॉडी गेली, ब्लॉक गेला आणि हे एवढं राहिलं. सांगताना तो रडत होता आणि अश्रू हेडच्या तड्यांतून आत मुरत होते. रॉकेलपेक्षा अश्रूंनी तडे जास्त स्पष्ट दिसले, असं पास्क्वाल पुढे कित्येक दिवस सांगायचा.

बिडिंगने नाक ओढलं.

"मूर्खा," ती म्हणाली. पण आवाज मघाचा नव्हता. "मला सांग, माझं पित्ताशय कुठंय?"

"इस्पितळात."

"आणि वरचे दात?"

"बाजारातल्या दातवाल्याचे."

"डाव्या डोळ्यात भिंग घातलंय. गुडघ्यात पट्टी आहे. केस निम्मे गेले, उरलेल्यांचा रंग बाटलीतला. तू नवस केलास त्या बिडिंगमधलं आता राहिलंय किती? तरी तीच म्हणून माझ्याशी भांडतोस ना रोज? एवढं बदलूनही मी तीच, मग तुझी जीप का नाही तीच? सान रोकेला एवढंही कळत नाही होय?"

"बरोबर आहे," लसूणवाली म्हणाली.

सेल्मोला आधार वाटला. तो उतरायला एक पाय खाली टेकवणार, एवढ्यात थांबला.

"पण तुझं डोकं तेच आहे," तो म्हणाला.

जमलेले लोक विचारात पडले. मुद्दा बिनतोड होता. तेम्यो म्हणाला, "हो, डोकं तेच आहे, ते आम्हाला रोज ऐकू येतं." बिडिंगने त्याच्याकडे असं बघितलं की तो लसूणवालीच्या मागे गेला.

मग ती काट्यापाशी आली. वाकून तिने हेडवर बोट फिरवलं, वेल्डिंगच्या जाडजूड वणांवरून, खडूच्या रेघांवरून. आतापर्यंत ते तिच्यासाठी नुसतं लोखंड होतं. आता आपण इतकी वर्षं याच्या जिवावर भाज्या चिरतोय, भांडतोय, हे मनात येताच तिने बोट चटकन मागे घेतलं. खरं-खोटं सान रोके जाणे. पण असल्या बाबतीत उगाच परीक्षा कशाला?

"चला मानांग, वजन करून टाकू," म्हणत लुकासने हेडला हात घातला.

बिडिंगने फाडकन त्याच्या मनगटावर मारली. "हात लावू नकोस!"

"अहो, तुम्हीच तर आणलंत!"

"मी आणलं, मी नेईन. कुम्पारे, इकडे या. खरं सांगा. आणि या वेळी अंडीबिंडी नकोत, तोंडाने सांगा. हे पुन्हा गाडीत बसवलं तर?"

पास्क्वालने एकदा सेल्मोकडे बघितलं, एकदा आभाळाकडे. ओठ हलले पण आवाज येईना. लोकांना वाटलं, आतांग खाल्लं सेल्मोने आणि जिभेला गाठ पडली पास्क्वालच्या. शेवटी डोळे घट्ट मिटून तो एका दमात म्हणाला, "पहिल्याच चढणीवर फुटेल आणि ब्लॉकलाही घेऊन जाईल!" आणि मटकन खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी नाही म्हणाला होता बिचारा. लसूणवालीने त्याला वारा घातला.

"असं," बिडिंग म्हणाली. "म्हणजे धावायचं याचं वय गेलं. नुसतं ओझं पेललं तर?"

"कसलं ओझं?"

"उभं राहिल्या जागी. वर कुणी उभं राहिलं तर पेलेल का?"

पास्क्वालने एक डोळा उघडला. "कुमारे, त्याच्यावर चर्च बांधलं तरी पेलेल."

"मग झालं तर. जपानचं ते हेड आणा आणि गाडीत बसवा. आणि हे रथावर ठेवा. याच्यावर सान रोके उभा राहील. दर सणाला मिरवायचं कबूल केलंय ना याने? मिरवू दे."

ओन्योंग व्हॅनमधून उतरला. "शोभतं का हे? देवाच्या पायाखाली भंगार?"

"भंगार कोण म्हणालं?" बिडिंग गर्रकन वळली. "काट्यावर चढलं पण विकलं गेलं का? लुकास, विकलं का मी?"

"नाही बुवा," मनगट चोळत लुकास म्हणाला.

"मग ते भंगार नाही. आणि ओन्योंग, तू तुझी काच वर कर. आतला गारवा निघून चाललाय, तेल फुकट जळतंय."

हा घाव मात्र ओन्योंगच्या वर्मी बसला. तोही शेवटी इलोकानोच. पटकन आत बसला आणि काच वर केली.

*

सणाच्या दिवशी रथावर फुलांच्या मधोमध हेड बसवलं होतं आणि त्याच्यावर सान रोके, पायाशी त्याचा कुत्रा. लोखंडावर मखमल घालावी असं काही बायकांचं म्हणणं होतं. पण पास्क्वाल अडून बसला, आणि एकदा नाही म्हणता आल्यापासून त्याला त्याची चटकच लागली होती. त्याची वेल्डिंग झाकायची नाही म्हणजे नाही. मिरवणूक सुरू होण्याआधी म्हाताऱ्या बाया रुमाल सान रोकेच्या पायांना लावून मग त्या वणांनाही लावत होत्या. पास्क्वाल कडेला उभा राहून ज्याला त्याला सांगत होता, "ती उजवीकडची जाड रेघ माझी. ती डावीकडचीसुद्धा."

सेल्मो जीपवर चढला. जपानी हेडचं इंजिन इतकं गुळगुळीत वाजत होतं की त्याला ते बंद आहेसं वाटून त्याने दोनदा किल्ली फिरवली. रथ हलला. बँड वाजायला लागला. मागे मेणबत्त्या धरलेल्या बायका आणि त्यांत पहिल्या रांगेत बिडिंग, केस बाटलीतल्या रंगाने काळेभोर.

सेल्मोचं रस्त्याकडे लक्ष नव्हतं. तो आरशात बघत होता. आधी हेड, मग बिडिंग, मग पुन्हा हेड. दोन्ही जागेवर. चढणीच्या सुरुवातीला आरशातली बिडिंग एकाएकी वाकली आणि खोकली.

सेल्मोने करकचून ब्रेक मारला.

सान रोके डुलला, पण पडला नाही, हेडने त्याला धरून ठेवलं. बँडमधला ढोलवाला तुतारीवाल्यावर आदळला, तुतारीतून बकरीसारखा आवाज आला, आणि मागची सगळी मिरवणूक एकमेकांच्या पाठीवर मेण सांडत थांबली. सेल्मो दार उघडून, फुलं तुडवत धावत मागे आला.

"काय झालं? ताप आहे का? बघू कपाळ!"

बिडिंगने त्याचा हात झटकला. "मेणबत्तीचा धूर नाकात गेला रे! अख्खं गाव खोळंबलंय. चल, गाडी काढ!"

"नक्की धूरच?"

"जातोस का देऊ एक?"

सेल्मो परत जाऊन जीपमध्ये बसला. चढण चढून होईपर्यंत बिडिंगच्या घशात दोनदा खवखवलं. पण तिने मेणबत्ती हात लांब करून धरली, ओठ घट्ट मिटले आणि आरशातल्या नवऱ्याकडे डोळे वटारून बघत खोकला गिळून टाकला.